शेवटचं प्रकरण आधी

बेबीची आई कुठलीही रहस्यकथा हातात घेतली की आधी शेवटचं प्रकरण वाचायची. खून कोणी केला, कशासाठी केला, सापडला कसा, हे सगळं नीट समजून घ्यायची आणि मग पुस्तक उलटवून पहिल्या पानापासून निवांत सुरुवात करायची. घरातल्यांना हा निव्वळ वेडेपणा वाटे.

"अगं, मग वाचायला उरलं काय?" बाबा विचारत.

"सगळंच उरलं," आई म्हणे. "आता फक्त घाई नाही."

बेबीच्या पुस्तकांवर तिचं चांगलं भारदस्त नाव छापलेलं असे. तिच्या कादंबऱ्यांवर चर्चा होत, तिला भाषणांना बोलावणी येत. पण घरात पन्नाशी उलटली तरी ती बेबीच. आईच्या या उलट्या वाचनामागचं कारण तिला फार उशिरा कळलं. तोवर तीही सगळ्यांसारखी हसत आली होती.

आईचं माहेर दुसऱ्या भाषेतलं. बाबा तरुणपणी भिंगं घासायचं काम शिकायला वर्षभर तिच्या गावी राहिले होते, तेव्हा त्यांचं जमलं. त्यांना तिची भाषा बाजारहाटापुरती येत होती. तिला त्यांची ओ की ठो कळत नव्हती. लग्न करून बाबांनी तिला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते चष्म्याच्या दुकानात कामाला जायला लागले. दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर चाकासमोर बसायचं, भिंग धरायचं, उजेडात बघायचं, परत धरायचं. बोलायची सवयच मोडलेला माणूस. संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला काय भाषा शिकवणार?

सासूनं आपल्या परीनं हातभार लावला. ती एकेक वस्तू उचलून दाखवायची, "ही पळी. हा चिमटा. हे झाकण." आई मान डोलवायची, म्हणून दाखवायची. पण चिमटा 'हा' का, पळी 'ही' का आणि बिचाऱ्या झाकणानं काय घोडं मारलं की त्याला 'हे' म्हणायचं, ते सासूला सांगता येईना. तिनं तरी कधी विचार केला होता? मग आई अंदाजे ठोकून द्यायची. तो खुर्ची. ती दरवाजा. जिन्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वाईट मनानं नव्हे, पण हसायच्या. होता होता आईनं घराबाहेर बोलणंच सोडलं. भाजीवाल्यापुढेही बोटानं दाखवायची आणि बोटांनीच 'दोन' सांगायची.

कोपऱ्यावर एक वाचनालय होतं. वाचनालय म्हणजे काय, एक अरुंद खोली, दोन्ही भिंतींना फळ्या आणि मधोमध स्टुलावर मालक. एकदा पाऊस चुकवायला आई तिथे शिरली. मालकानं विचारलं, "काय देऊ?" आई गप्प. त्यानं पुन्हा विचारलं, मग जरा निरखून पाहिलं आणि काय समजायचं ते समजला. फळीवरून एक बारकं पुस्तक काढून तिच्या हातात ठेवलं. वर सुरा धरलेला हात आणि लालभडक डाग.

"हे न्या. मोठा टाईप, छोटी वाक्यं," तो म्हणाला. "कुणालाही कळतं."

लिपी दोन्ही भाषांची एकच, तेवढी सोय होती. आईनं पहिलं पान वाचलं. काही कळलं नाही. दुसरं वाचलं. कुणीतरी कुणाच्या तरी घरी आलं होतं आणि बाहेर अंधार होता, एवढंच हाती लागलं. बरीच पानं अशी चाचपडत गेल्यावर तिला संताप आला आणि तिनं सरळ शेवटचं पान उघडलं. तिथून थोडी मागे आली, आणखी मागे आली आणि थांबली. तिथे एक माणूस घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून पहिल्यापासून सांगत होता. कोण आलं, कुठे बसलं, काय बोललं, का बोललं. सावकाश, एकेक गोष्ट सुटी करून, जणू त्या खोलीत भाषा न येणारं कुणीतरी बसलंय.

"मला वाटलं, तो माझ्याशीच बोलतोय," आईनं पुढे कधीतरी बेबीला सांगितलं. "मी या घरात आले तेव्हापासून माझ्याशी इतकं हळू कुणी बोललं नव्हतं."

शेवट कळला की मग मागची पानं आपोआप उलगडत जात. हा खुनी आहे, म्हणजे 'कावराबावरा' याचा अर्थ असा असणार. ही खोटं बोलतेय, म्हणजे 'आवंढा गिळला' म्हणजे हे. अशा रीतीनं आईनं वाचनालयाची अख्खी एक फळी संपवली आणि तिला भाषा आली.

पण कुठली भाषा आली! एकदा दूध उतू गेलं आणि सासूनं विचारलं, तुझं लक्ष कुठे होतं, तर आई शांतपणे म्हणाली, "त्यावेळी मी घटनास्थळी नव्हते." बाबा साखरेच्या डब्याभोवती घुटमळायला लागले की ती म्हणे, "अहो, तुमच्या हालचाली संशयास्पद आहेत." दादा, म्हणजे बेबीचा थोरला भाऊ, खेळून उशिरा घरी आला की त्याची उलटतपासणी व्हायची, आणि त्याच्याबरोबर कोण कोण होतं याचं उत्तर बेबीकडून स्वतंत्रपणे घेतलं जायचं. दोघांच्या जबानीत तफावत आढळली की रात्रीचं जेवण होईपर्यंत आई कुणाशी बोलत नसे. बेबीला लहानपणी वाटे, सगळ्यांच्या आया अशाच बोलतात. शाळेत तिनं पेन्सिल हरवल्याचं सांगताना "माझी पेन्सिल रहस्यमयरीत्या नाहीशी झाली" असं म्हटलं आणि वर्ग हसला, तेव्हा तिला पहिल्यांदा शंका आली.

आई घराबाहेर बोलायला लागली ती शिवणवाल्या मावशींच्या मशीनमुळे. मावशी वरच्या मजल्यावर राहत आणि अख्ख्या इमारतीचे कपडे शिवत. एके दिवशी त्यांचं मशीन जिन्यातल्या जागेवरून नाहीसं झालं. मावशींनी आकांत केला. कुणीतरी पोलिसाला बोलावलं. संध्याकाळी जिन्यातून मशीन घेऊन जाणारा माणूस एकट्या आईनं पाहिला होता. सासूचा जीव खालीवर झाला, कारण सून चारचौघांत तोंड उघडत नाही हे तिला माहीत होतं.

पोलीस वही काढून बसला. आईनं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि सुरू झाली.

"सायंकाळचा सुमार होता. जिन्यात अंधूक प्रकाश होता. एवढ्यात मला पावलांचा आवाज ऐकू आला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. एक मध्यम बांध्याचा इसम जड वस्तू घेऊन लगबगीनं खाली उतरत होता. त्याच्या चेहऱ्यावर क्रूर हास्य होतं."

पोलिसाचं पेन मागे पडलं होतं.

"बाई, जरा हळू," तो म्हणाला. "आणि अंधूक प्रकाशात हास्य कसं दिसलं हो तुम्हाला?"

आईनं पदर पुन्हा सारखा केला. मग म्हणाली, "ते तर असतंच ना."

पहिल्यांदा मावशी हसल्या, एवढं मशीन गेलेलं असताना. मग पोलीस, मग सगळा जिना, आणि सगळ्यांत शेवटी आई स्वतः. मशीन चोरीला गेलंच नव्हतं. मावशींच्या दिरानं त्यांना न सांगता ते दुरुस्तीला नेलं होतं. तो सज्जन गृहस्थ दुसऱ्या दिवशी ते घेऊन परत आला, तर इमारतीतली सगळी पोरं त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत उभी. तेव्हापासून आईचं नाव 'इन्स्पेक्टरबाई' पडलं आणि मावशी तिच्या जिवाभावाच्या मैत्रीण झाल्या. चुका तरी आईच्या बोलण्यात होत्याच. पण आता कुणी हसलं की तीही हसायची, आणि त्यामुळे त्या हसण्यातली धार गेली.

बेबी मोठी झाली, लिहायला लागली. तिच्या कादंबऱ्या वेगळ्या वळणाच्या होत्या. त्यांत माणसं खिडकीपाशी उभी राहत, चहा गार होई, आणि जे बोलायचं ते न बोलता प्रकरण संपे. पहिली कादंबरी आली तेव्हा आईनं ती मनापासून वाचली. अर्थात आधी शेवट.

"कशी वाटली?" बेबीनं विचारलं.

"भाषा छान आहे," आई म्हणाली. मग पुस्तक मिटून, "पण कोणी काय केलं ते नाही कळलं."

"आई, तसं काही केलेलं नसतंच त्यात."

"मग ती बाई एवढी रडते का?"

बेबी चिडली होती तेव्हा. आईच्या पुस्तकांची तिला मनातून लाजही वाटायची. लिहिणारी मित्रमंडळी घरी यायची असली की लाल डागांची मुखपृष्ठं ती गुपचूप पलंगाखाली सरकवी. एका मोठ्या सभेत तिला विचारलं गेलं, घरी वाचनाचं वातावरण कसं होतं? बेबी म्हणाली, "आमच्याकडे पुस्तकं फारशी नव्हती." आई तिसऱ्या रांगेत बसलेली. परतताना रिक्षात आई तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "साक्ष खोटी दिलीस. पण आवाज मात्र अगदी स्थिर होता हं." आणि खुदकन हसली. बेबीला तिच्याकडे बघवेना. तिनं आईचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

बाबा गेले ते दवाखान्यात. आदल्या दिवशी ठीक होते, सकाळी उठलेच नाहीत. आई, दादा आणि बेबी पोचले तेव्हा पलंग रिकामा होता आणि चादर बदललेली होती. दादानं तिथल्या वॉर्डबॉयला विचारलं. तो आपल्या कामाच्या गडबडीत सहज म्हणाला, "ते होय? ते खाली नेलंय."

आई थांबली. तिला रडू आलं नव्हतं, आवाजही चढला नाही.

"ते नेलंय नाही," ती म्हणाली. "त्यांना नेलंय, म्हणा."

तो माणूस गांगरला. मग हातातली बादली खाली ठेवून म्हणाला, "चुकलं, आई. त्यांना नेलंय. चला, मी दाखवतो."

बेबी मागे मागे चालत राहिली. रहस्यकथांत प्रेत नेहमी 'ते' असतं. ते सापडलं, ते हलवलं, ते कुणाचं होतं. नपुंसकलिंग म्हणजे काय हे आई प्रेतांवरून शिकली, असं घरात गमतीनं म्हणत. माणूस जिवंत असताना 'तो' असतो, मेला की 'ते' होतो, हा नियम तिनं स्वतःच कधीतरी शोधून काढून बाबांना मोठ्या अभिमानानं सांगितला होता. आणि आता त्याच नियमाला तिनं दवाखान्याच्या बोळात, खुर्चीला 'तो' म्हणणाऱ्या तोंडानं, अडवलं होतं. बेबीनं आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, पण एवढा लहान आणि एवढा जड फरक तिच्या लेखणीतून कधी उतरला नव्हता. त्या दिवसापासून ती आईचं बोलणं वेगळ्या कानानं ऐकायला लागली. उलट्या वाचनाचं कारणही तिनं तेव्हाच विचारलं आणि आईनं ते पावसाचं, वाचनालयाचं आणि हळू बोलणाऱ्या माणसाचं सगळं सांगितलं.

बाबांमागे आई एकटी राहिली. गुडघे कुरकुरायला लागले होते, जिना चढताना मधल्या वळणावर बसावं लागे. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं आणि मोठ्या टाईपाचीही अक्षरं पुसट झाली. एकदा ती पायरी चुकून घसरली. लागलं फारसं नाही, पण दादा आणि बेबीचे फोन सुरू झाले. दादा म्हणे, आई माझ्याकडे येईल. बेबी म्हणे, का, माझ्याकडे का नको? तो म्हणे, तुझं घर केवढंसं. ती म्हणे, तू घरी असतोस केव्हा. गोडीगुलाबीनं सुरू झालेलं बोलणं हळूहळू जुनंपानं उकरण्यापर्यंत गेलं. दोघं आईला वेगवेगळे फोन करून एकमेकांबद्दल सांगायला लागले.

एका रविवारी आईनं सगळ्यांना घरी बोलावलं. दादा, वहिनी, बेबी आणि वरच्या मजल्यावरून शिवणवाल्या मावशी. खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. आईनं कुणी कुठे बसायचं तेही ठरवलं होतं.

"दार लावून घे," तिनं दादाला सांगितलं. "माझं बोलणं संपेपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नाही."

दादाला हसू फुटलं. "आई, खून झालाय का कुणाचा?"

"अजून नाही. तोच टाळायचाय."

ती उभीच राहिली, खुर्चीच्या पाठीला धरून.

"तुझ्यापासून सुरुवात करते," ती दादाला म्हणाली. "तू मला ये म्हणतोस ते मनापासून म्हणतोस. पण तू लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत गावभर फिरतोस आणि घरी येतोस तेव्हा तुझे डोळे मिटत असतात. तुझ्याकडे येणं म्हणजे सूनबाईकडे येणं. तिला विचारलंस?"

दादानं बायकोकडे पाहिलं. वहिनी खाली बघत होती.

"सूनबाई, तू नाही म्हणणार नाहीस. पण तुझी स्वतःची आई इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिचं सगळं तू एकटीनं काढलंस. आता कुठे तुझी पाठ सरळ होतेय. पुन्हा एक म्हातारी सांभाळायचं तुझ्यात बळ नाही, आणि ते तू नवऱ्याला बोललेली नाहीस."

"आई, तसं नाही हो..." वहिनी म्हणाली.

"तसंच आहे. आणि त्यात गुन्हा काही नाही."

वहिनीनं डोळ्यांना रुमाल लावला. दादा तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती आत्ताच दारातून आत आलीय.

"आता बेबी." आईनं मोहरा वळवला. "भावानं नेतो म्हटलं म्हणून तू नेते म्हणालीस. तुला लिहायला रिकामं घर लागतं. मी आले की तुझं लिहिणं थांबेल. मग तू मनात माझ्यावर चिडशील आणि वरून गोड बोलशील. तुझं गोड बोलणं मला सहन होत नाही ग."

मावशी फिसकन हसल्या. बेबीलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. एक शब्दसुद्धा खोटा नव्हता. इतकी पानं खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसांवर खर्च केली, पण त्यांच्यातल्या एकाला तरी असं खोलीत बसवून सरळ बोलू दिलं होतं का आपण, असं तिला वाटून गेलं.

"राहिले मी," आई म्हणाली. "मला काय हवंय, हे एवढ्या फोनांत कुणी विचारलंच नाही. मला ही इमारत सोडायची नाही. या लोकांना माझी भाषा कळते. दुसरीकडे जाऊन मी पुन्हा पहिल्यापासून कुणाला हसवत बसू?"

"पण जिना, आई?" दादा म्हणाला.

"त्याच्यासाठीच साक्षीदार बोलावलाय."

मावशींनी मग सांगितलं. त्यांनी शिवणाचं काम केव्हाच तळमजल्यावरच्या गाळ्यात हलवलं होतं आणि गाळ्यामागे खिडकी असलेली एक खोली नुसती चिंध्यांनी भरलेली होती. दोघी मैत्रिणींनी ती आधीच झाडून काढलेली होती. मावशीही आता एकट्याच होत्या, त्याही खालीच राहायला यायच्या होत्या.

"म्हणजे सगळं ठरवूनच बोलावलंस होय आम्हाला!" दादा म्हणाला.

"मग? तपास झाल्याशिवाय कुणी खोलीत बसवतं का?"

महिन्याभरात आई खाली राहायला गेली. दादानं एका रविवारी न्हाणीघराच्या भिंतींना धरायला दांडे बसवले, पुढच्या रविवारी दिवे बदलले, आणि त्यानंतर काही काम नसतानाही तो येत राहिला. वहिनीही यायची, मावशींकडे कपडे टाकायच्या निमित्तानं, आणि दोन्ही म्हाताऱ्यांमध्ये दुपारभर गप्पा मारत बसायची. बेबीनं दुपारचं वाचन आपल्याकडे घेतलं. कोपऱ्यावरचं वाचनालय बंद व्हायच्या बेतात होतं. मालकाच्या मुलानं सुऱ्यांची आणि डागांची ती सगळी फळी खोक्यांत भरून आईकडे पाठवून दिली.

बेबी खिडकीशी बसून वाचायची. आधी शेवटचं प्रकरण, मग पहिलं. मोठ्यानं वाचताना तिला जाणवे, ही वाक्यं अगदी साधी आहेत, पण एकही वाक्य कुणापासून काही लपवायला लिहिलेलं नाही. मधेच आई एखाद्या शब्दापाशी तिला थांबवायची. "तगादा म्हणजे काय, हे मला दादा पोटात असताना कळलं होतं. खुनी सारखा तगादा लावत होता बघ त्या पुस्तकात." अशी ती कुठला शब्द केव्हा भेटला ते सांगे, आणि त्या शब्दाच्या मागे घर, सासू, बाबा, पाऊस, आजारपणं सगळं ओळीनं येई. बेबी पुस्तक मांडीवर उपडं ठेवून ऐकत बसे. तिनं त्या दिवसांत स्वतःचं काही लिहिलं नाही आणि त्याची तिला चुटपुटही लागली नाही.

एका दुपारी वाचता वाचता तिनं वर पाहिलं, तर आईला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. बेबी गप्प झाली. पलीकडे गाळ्यात मशीनचा आवाजही थांबला.

"का ग, थांबलीस का?" मावशींनी बाहेरून हाक मारली. "वाच की पुढे. मला ऐकू येतंय."

बेबीनं खुर्ची दाराच्या बाजूला सरकवली आणि आवाज थोडा चढवून पुढचं पान वाचायला घेतलं.